विश्लेषण : शिरगावची सावली नाहीशी होते, तेव्हा ‘मैत्री’वर रात्र का सुरू होते?

पालघरजवळच्या शिरगावात दरवर्षी १८-१९ मेच्या सुमारास भरदुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, तिथून सुमारे ११ हजार किलोमीटर दूर असलेल्या अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या भारतीय तळावर सूर्य मावळतो आणि पुढचे दोन महिने उगवत नाही. जुलैच्या चौथ्या आठवड्यात शिरगावची सावली दुसऱ्यांदा नाहीशी होते आणि त्याच सुमारास मैत्रीवर सूर्य पुन्हा डोकावतो. हा योगायोग नाही. ध्रुवीय प्रदेशात महिनोन्महिने दिवस किंवा रात्र का असते, याचे उत्तर शिरगावच्या किनाऱ्यावरच्या सावलीतच दडलेले आहे. ते कसे, हे समजून घेऊ या.

शिरगावात दिवस किती लहान-मोठा होतो?

शिरगाव विषुववृत्तापासून उत्तरेकडे सुमारे १९.७ अंशांवर आहे. इथे २१ जूनचा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, तर २२ डिसेंबरचा जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे वर्षभरात दिवसाच्या लांबीत सव्वादोन तासांहून थोडा अधिक फरक पडतो. रोज एखाद-दुसऱ्या मिनिटाने होणारा हा बदल सहसा जाणवत नाही. सूर्यास्ताची जागा पाहिली, तर मात्र तो स्पष्ट दिसतो.

शिरगावचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्राकडे पाहत उभे राहिले की डिसेंबरात सूर्य बराच डावीकडे, माहीम-केळव्याच्या बाजूला बुडताना दिसतो. मार्चमध्ये तो सरळ समोर येतो आणि मे संपता संपता उजवीकडे, सातपाटीच्या बाजूला सरकतो. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचे हे अंतर सुमारे ५० अंशांचे आहे. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली, तर एक मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे सूर्यास्ताची जागा सहा महिन्यांत पाच मुठी सरकते. उजवे टोक २१ जूनला येते, पण तोवर पावसाळी ढगांनी क्षितिज झाकलेले असते. त्यामुळे हे पाहायला मे महिनाच बरा.

दुपारच्या सावलीचेही असेच असते. वर्षातले बहुतेक दिवस शिरगावात दुपारची सावली उत्तरेकडे पडते. साधारण १९ मे ते २४ जुलै या काळात मात्र सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेकडे पडते. त्यामुळे नेमके उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर भरदुपारचे ऊन पडते ते वर्षातल्या याच दोन महिन्यांत. मैत्रीवरची रात्रही याच दोन महिन्यांची असते.

सूर्याची जागा का बदलते?

पृथ्वी स्वतःभोवती ज्या अक्षावर फिरते, तो तिच्या सूर्याभोवतीच्या कक्षेला काटकोनात नाही. तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. महत्त्वाचे म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना हा कल वर्षभर एकाच दिशेला राहतो. अक्षाचे उत्तर टोक कायम ध्रुवताऱ्याकडे रोखलेले असते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याच्या बाजूला झुकलेला असतो आणि सहा महिन्यांनी, पृथ्वी कक्षेच्या दुसऱ्या बाजूला पोहोचली की, तोच ध्रुव सूर्यापासून दूर झुकलेला दिसतो. बदलते ती पृथ्वीची जागा. अक्षाची दिशा तीच राहते.

यामुळे सूर्य नेमका डोक्यावर येण्याची जागा वर्षभर वर-खाली होते. मार्चमध्ये ती विषुववृत्तावर असते, २१ जूनच्या सुमारास साडेतेवीस अंश उत्तरेला म्हणजे कर्कवृत्तावर, सप्टेंबरमध्ये पुन्हा विषुववृत्तावर आणि २२ डिसेंबरच्या सुमारास मकरवृत्तावर. कर्कवृत्ताकडे जाताना आणि तिथून परतताना ती एकेकदा शिरगाववरून जाते. म्हणूनच इथे वर्षातून दोन ‘शून्य सावली’ दिवस येतात.

पृथ्वी सूर्याच्या जवळ किंवा दूर जाण्याशी याचा संबंध नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महाराष्ट्रात थंडी असताना. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते. जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर होते. हा फरक फारच थोडा आहे. ऋतू आणि दिवसाची लांबी ठरते ती अक्षाच्या कलामुळे.

शून्य सावलीचा आणि ध्रुवीय रात्रीचा संबंध काय?

सूर्य कोणत्याही क्षणी पृथ्वीचा अर्धाच भाग उजळतो. ज्या ठिकाणी सूर्य डोक्यावर असतो, ते या उजळलेल्या अर्ध्या भागाचे केंद्र. तिथून कोणत्याही दिशेला ९० अंश गेले की उजेडाची सीमा येते. या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला सूर्य क्षितिजावर टेकलेला दिसतो. सीमेपलीकडे सूर्य क्षितिजाखाली असतो.

आता शिरगावपासून मोजू. सूर्य १९.७ अंश उत्तरेला डोक्यावर असेल, तर दक्षिणेकडे ९० अंश गेल्यावर आपण ७०.३ अंश दक्षिणेला पोहोचतो. त्याहून दक्षिणेच्या ठिकाणी त्या दिवशी ऐन दुपारीही सूर्य क्षितिजावर येऊ शकत नाही. पृथ्वी स्वतःभोवती पूर्ण एक फेरी मारते, तरीही ती ठिकाणे उजेडाच्या सीमेत शिरत नाहीत. तिथे ध्रुवीय रात्र सुरू झालेली असते.

मैत्री तळ सुमारे ७०.८ अंश दक्षिणेला आहे, म्हणजे या रेषेच्या अगदी लागून. वातावरणामुळे प्रकाश थोडा वाकतो, त्यामुळे क्षितिजाच्या किंचित खाली गेलेला सूर्यही काही काळ वर दिसतो. शिवाय सूर्याची कडा जरी दिसली, तरी तो उगवला असे मानले जाते. या दोन्ही गोष्टींमुळे मैत्रीवर शेवटचा सूर्यास्त शिरगावच्या शून्य सावलीनंतर एक-दोन दिवसांनी, २० मेच्या आसपास होतो. मग सूर्य दिसतो तो साधारण २३ जुलैला.

हाच हिशेब उत्तरेकडेही लागू होतो. शिरगावपासून उत्तरेकडे ९० अंश गेले की उत्तर ध्रुव ओलांडून पलीकडच्या बाजूला आपण ७०.३ अंश उत्तरेवर येतो. तिथे त्या वेळी मध्यरात्र असते, पण ते ठिकाणही उजेडाच्या सीमेत असते. म्हणजे ७०.३ अंशांच्या उत्तरेला त्या दिवशी मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. एका टोकाला न संपणारी रात्र आणि दुसऱ्या टोकाला न मावळणारा दिवस ही एकाच घटनेची दोन रूपे आहेत. शिरगावच्या डोक्यावर आलेला सूर्य हे तिचेच तिसरे रूप.

उत्तरेकडे सरकत गेल्यास काय होते?

ध्रुवावर काही वेगळा नियम चालतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नियम सगळीकडे एकच आहे. फक्त विषुववृत्तापासून दूर जावे, तसा त्याचा परिणाम वाढत जातो.

कन्याकुमारीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात तासाभराहूनही कमी फरक असतो. शिरगावात तो सव्वादोन तासांहून थोडा अधिक, दिल्लीत साडेतीन तासांहून अधिक, श्रीनगरात सुमारे साडेचार तास. लंडनमध्ये हा फरक पावणेनऊ तासांच्या घरात जातो आणि नॉर्वेची राजधानी ओस्लोत जवळपास तेरा तासांवर. त्याच्याही उत्तरेला, सुमारे ६६.५ अंशांवर, हा फरक पूर्ण २४ तासांचा होतो. म्हणजे वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि गणिताच्या हिशेबाने एक दिवस उगवत नाही. याच रेषेला आर्क्टिक वृत्त म्हणतात. दक्षिणेला तेवढ्याच अंशांवर अंटार्क्टिक वृत्त आहे. ६६.५ हा आकडा कुठून आला? ९० मधून अक्षाचा कल, साडेतेवीस, वजा केला की तो मिळतो.

आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे न मावळणाऱ्या दिवसांची संख्या झपाट्याने वाढते. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरात साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तो उगवत नाही. स्वालबार्ड बेटांवरच्या नी-आलेसुंड इथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. ते सुमारे ७९ अंश उत्तरेला आहे. तिथे न मावळणारा सूर्य एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत असतो. सूर्य अजिबात दिसत नाही तो काळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. नेमक्या ध्रुवावर तर वर्षातून एकदाच सूर्योदय आणि एकदाच सूर्यास्त होतो.

भास्कराचार्यांना हे कसे माहीत होते?

ध्रुवावर पाऊल न ठेवताही हे गणिताने सांगता येते, याचा एक दाखला महाराष्ट्राच्या परिसरातच सापडतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असल्याचे त्यांनी लिहिले आहे. या ग्रंथाच्या ‘गोलाध्याय’ या भागात त्यांनी ६६ अंशांपलीकडच्या प्रदेशांचा विचार केला आहे. त्यांचा नियम सोप्या शब्दांत असा : ९० मधून त्या ठिकाणचा अक्षांश वजा करा. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला त्या आकड्यापेक्षा जास्त अंश गेला की तिथे सतत दिवस राहतो. ध्रुवावर हा आकडा शून्य येतो, म्हणून तिथे अर्धे वर्ष दिवस आणि अर्धे वर्ष रात्र.

वर शिरगाव आणि मैत्रीसाठी केलेला हिशेब हाच आहे. भारतीय ज्योतिषी अक्षाचा कल २४ अंश धरत, म्हणून त्यांची सीमा ६६ अंशांवर येते. आजच्या आकड्यापेक्षा ती जेमतेम अर्ध्या अंशाने वेगळी आहे. भास्कराचार्यांच्याही आधी, पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने मेरूवरचे देव अर्धे वर्ष सूर्य पाहतात, असे लिहिले होते. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष, या परंपरेतल्या कल्पनेचा खगोलीय अर्थ असा ध्रुवाशी जुळतो.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख अभ्यासकांसमोर आणला. पाटणे आणि शिरगाव यांच्या अक्षांशांत एक अंशाचाही फरक नाही. म्हणजे दुपारची सावली दोन्हीकडे जवळपास सारखीच पडते.

ध्रुवावर खरोखर सहा महिने काळोख असतो का?

‘सहा महिने दिवस, सहा महिने रात्र’ हे वाक्य शाळेपासून कानावर पडते. ते ढोबळमानाने बरोबर असले, तरी दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहिली म्हणजे हे फक्त नेमक्या ध्रुवावर घडते. मैत्रीसारख्या ठिकाणी रात्र सहा महिन्यांची नव्हे, दोन महिन्यांची असते. उरलेल्या काळात तिथेही सूर्य रोज उगवतो आणि मावळतो किंवा सलग वर राहतो.

दुसरी दुरुस्ती संधिप्रकाशाची. शिरगावात सूर्य बुडाल्यावर साधारण सव्वा तासात पूर्ण अंधार पडतो, कारण इथे सूर्य क्षितिजाखाली बऱ्यापैकी सरळ उतरतो. ध्रुवावर तो क्षितिजाला जवळजवळ समांतर फिरत, अत्यंत सावकाश खाली जातो. उत्तर ध्रुवावर सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य मावळला, तरी उरलासुरला उजेड पुरता जायला नोव्हेंबरचा मध्य येतो. जानेवारीच्या अखेरीस पुन्हा उजाडू लागते. म्हणजे खरा गडद काळोख असतो तो सुमारे अडीच महिनेच. त्यातही महिन्याच्या एका पंधरवड्यात चंद्र सलग क्षितिजावर राहतो. हिवाळ्यात पौर्णिमा याच पंधरवड्यात येते, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपासचे चांदणे दिवसच्या दिवस टिकते.

कित्येक आठवडे चालणाऱ्या या पहाटेने महाराष्ट्रात एकेकाळी मोठी चर्चा घडवली होती. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ऋग्वेदातील उषेची वर्णने कित्येक दिवस टिकणाऱ्या पहाटेची आहेत, म्हणून वैदिक लोकांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, असा त्यांचा तर्क होता. हा निष्कर्ष आजचे अभ्यासक स्वीकारत नाहीत. ध्रुवाजवळची पहाट आठवडेच्या आठवडे चालते, हा त्यामागचा खगोलशास्त्रीय भाग मात्र बरोबर आहे.

मैत्रीवरही २१ जूनला, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त चार अंश खाली असतो. त्यामुळे सूर्य दिसला नाही, तरी दुपारी काही तास पहाटेसारखा उजेड असतो. हिमाद्री केंद्रावर डिसेंबरमध्ये तेवढाही दिलासा नाही. तिथे सूर्य भरदुपारी क्षितिजाच्या बारा अंशांहून अधिक खाली असतो, म्हणजे जवळजवळ रात्रच.

चोवीस तास ऊन असूनही बर्फ का टिकतो?

मैत्रीवर साधारण १५ नोव्हेंबर ते २७ जानेवारी सूर्य मावळत नाही. २२ डिसेंबरला तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. त्याच दिवशी शिरगावात तो ४७ अंशांवर असतो. म्हणजे दुपारच्या उन्हाचा कोन दोन्हीकडे जवळपास सारखा आणि मैत्रीवर तर मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या चार अंश वर. तरीही एकीकडे नारळाच्या वाड्या आहेत आणि दुसरीकडे क्षितिजापर्यंत पसरलेला बर्फ.

याचे मोठे कारण बर्फच आहे. ताजा बर्फ त्यावर पडणाऱ्या उन्हाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत आकाशात फेकतो. समुद्राचे उघडे पाणी याच्या उलट बहुतेक ऊन शोषून घेते. शिवाय उरलेल्या काळात ऊन तिरपे, थोडा वेळ किंवा अजिबात मिळत नाही आणि साठलेली उष्णता निघून जाते. अंटार्क्टिकाचा बराच भाग दोन किलोमीटरहून जाड बर्फाच्या थरामुळे उंचावरही आहे. उंचीमुळे थंडी आणखी वाढते.

त्यामुळे ध्रुवीय दिवस-रात्रीचे हे चक्र समुद्रावरही उमटते. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठत जातो आणि बर्फाचे क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. उन्हाळ्याच्या अखेरीस ते जेमतेम ३० लाखांच्या आसपास उरते. हा पांढरा थर कमी झाला की न मावळणाऱ्या सूर्याचे ऊन थेट गडद पाण्यात शोषले जाते, पाणी तापते आणि बर्फ आणखी घटतो. आर्क्टिकमध्ये गेल्या काही दशकांत हेच घडताना दिसते आहे. म्हणून ध्रुवावरच्या रात्रीच्या नोंदी शास्त्रज्ञांना दिवसाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

भारतीय तुकड्या ही रात्र कशी काढतात?

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. ही वेळ मुद्दाम निवडलेली होती. डिसेंबर-जानेवारीत तिकडे सूर्य मावळत नाही, समुद्रातला बर्फ सुटलेला असतो आणि कामाला चोवीस तास उजेड मिळतो. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता सहभागी झाल्या. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला भारतीय तळ उभा राहिला आणि १९८४ मध्ये भारतीय तुकडीने तिथे प्रथमच हिवाळा काढला. तरंगत्या हिमस्तरावरचा तो तळ पुढे बर्फाखाली गाडला गेला. त्याची जागा शिरमाखर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यातील मैत्रीने घेतली. २०१२ पासून ‘भारती’ हा आणखी एक तळ कार्यरत आहे. या सर्व मोहिमांची सूत्रे गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून हलतात.

उन्हाळा संपला की जहाज परत फिरते, विमानांची ये-जा थांबते आणि हिवाळी तुकडी मागे राहते. तिच्यात शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टर, स्वयंपाकी, जनरेटर आणि वाहने सांभाळणारे तंत्रज्ञ असतात. पुढचे काही महिने नवा माणूस नाही, ताजी भाजी नाही आणि कोणी आजारी पडले, तर लगेच बाहेर काढण्याची सोयही नाही. हवामानाच्या नोंदी मात्र सूर्य असो वा नसो, ठरल्या वेळी घ्याव्याच लागतात. हिमवादळात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणेही जोखमीचे असते.

या काळात शरीराचे घड्याळही बिघडते. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून मेंदू दिवस-रात्र ओळखतो आणि अंधार पडला की झोपेला मदत करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते. सकाळचा उजेडच मिळाला नाही, तर झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकू लागते. काहींना दिवसभर सुस्ती येते, रात्री झोप लागत नाही, मन उदास होते. न मावळणाऱ्या दिवसांत याच्या उलट झोपच यायला तयार नसते, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लागतात. यावर उपाय साधेच असतात : जेवणाच्या वेळा काटेकोर पाळणे, कामाची पाळी ठरवणे, व्यायाम, सकाळी प्रखर दिवे आणि सर्वांनी एकत्र बसून जेवणे. २१ जूनचा ‘मिडविंटर’ हा अंटार्क्टिकावरचा सर्वांत मोठा सण त्यामुळेच ठरतो. त्या दिवशी निरनिराळ्या देशांचे तळ एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, कारण त्यानंतर सूर्य परतीच्या वाटेला लागलेला असतो.

आर्क्टिकमध्ये मात्र भारतीय संशोधक बरीच वर्षे मुख्यतः उन्हाळ्यात जात. २००८ मध्ये सुरू झालेल्या हिमाद्री केंद्राकडे पहिली हिवाळी मोहीम निघाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. ध्रुवीय रात्रीतील ढग, हवेतील कण आणि ध्रुवीय प्रकाशाच्या नोंदी घेणे त्यामुळे शक्य झाले.

हे स्वतः कसे पडताळता येईल?

एका चेंडूत आरपार काडी खोचा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च चेंडूच्या उंचीवर ठेवा आणि काडीचे वरचे टोक टॉर्चकडे थोडे झुकवून चेंडू काडीभोवती फिरवा. वरच्या टोकाजवळ पेनाने केलेला ठिपका पूर्ण फेरीभर उजेडातच राहतो, तर खालच्या टोकाजवळचा ठिपका एकदाही उजेडात येत नाही. मधला ठिपका आळीपाळीने उजेडात आणि अंधारात जातो. आता काडीचा कल न बदलता चेंडू टॉर्चच्या दुसऱ्या बाजूला न्या आणि टॉर्च त्याच्याकडे वळवा. दोन्ही टोकांची अदलाबदल झालेली दिसेल. काडी सरळ उभी केली, तर मात्र सगळीकडे अर्धा वेळ उजेड आणि अर्धा वेळ अंधार. पृथ्वीचा अक्ष कललेला नसता, तर वर्षभर सगळीकडे सुमारे बारा तासांचाच दिवस राहिला असता आणि उन्हाळा-हिवाळाही राहिला नसता.

दुसरा मार्ग याहून सोपा आहे. मोबाइलमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये पालघरबरोबर ट्रॉम्सो किंवा लाँगइयरब्येन हे ठिकाण जोडा आणि महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा टिपून ठेवा. पालघरचा आकडा काही मिनिटांनी बदलेल, तर तिकडचा तासांनी, आणि एक दिवस तिथे वेळच दिसणार नाही.

तिसरा मार्ग काठीचा. १८ आणि १९ मे रोजी दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सपाट, मोकळ्या जागेत काठी सरळ उभी करा. दुसरी संधी २४-२५ जुलैला पावणेएकच्या सुमारास येते, मात्र तेव्हा पावसाने उघडीप द्यायला हवी. काठीच्या बुडाशी सावली गोळा झाली, की दक्षिणेकडे ९० अंशांवरची सीमा कुठे आहे हे सांगायला नकाशाही लागत नाही. मेमध्ये तिच्या पलीकडे रात्र सुरू होत असते आणि जुलैमध्ये तिथे राहिलेली माणसे दोन महिन्यांनी पहिला सूर्य पाहायला बाहेर येत असतात.